मावशीला केलेला फोन

२८ सप्टें., रवि.
परत तेच. म्हणे पोरगी पळवली. स्वतःच्या पोरीला कोण पळवतं रे? आठवी नापास असलो तरी एवढं कळतं.
वकीलबाईंनी अर्जाचे फोटो पाठवले. सगळं इंग्रजी. मग फोनवर समजावलं. बायकोने, दीपालीने कोर्टाच्या अवमानाचा अर्ज टाकलाय. ऑर्डर होती : गणपतीत आर्वी चार दिवस माझ्याकडे, शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीला दीपालीच्या ताब्यात. मी सोडली बुधवारी. जाणूनबुजून मोडली असं ठरलं तर दंड, नाहीतर आत.
मी आत गेलो काय न् बाहेर राहिलो काय, दीपालीला फरक नाही. तिला पाहिजे ते शेवटच्या पानावर आहे. आर्वीचा माझ्याकडचा मुक्काम कायमचा बंद. भेटायचं तर ठाण्याला कोर्टातल्या खोलीत, तासभर, एक बाई बसणार समोर.
दिवाळीत चार दिवस मिळणार होती.

१ ऑक्टो.
ड्युटी संपल्यावर बाईंना फोन. दिवसभर बांधकामावर मचाण बांधायचं, खाली उतरलं की फोन धरवत नाही. इथे ओडिशात आपलं बोलणं कोणाला कळत नाही ते एक बरं. भांडायला मोकळीक.
"पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका," बाई म्हणाल्या.
सांगितलं. गावाला गणपतीच्या तिसऱ्या दिवशी चुलतआजोबा गेले. सगळ्या भावकीला सुतक. आमचा गणपती वरच्या वाडीतल्या माणसाने उचलून विसर्जनाला नेला, आम्ही हात नाही लावला. आर्वी विचारते, बाप्पा आपल्यावर रुसला का?
तिकडे डोंबिवलीला दीपालीच्या माहेरी सात दिवसांचा गणपती बसलेला. सुतकातलं पोर त्या घरात कसं न्यायचं? म्हणून शुक्रवारी मावशीला फोन केलेला. मावशी म्हणजे दीपालीची आई. लग्नाआधीपासून मावशीच म्हणतो, सासूबाई कधी जिभेवर आलंच नाही. ती म्हणाली, "नको रे बाबा आणू. विसर्जन होऊ दे, मग आण. घरात मी बघते."
संपला विषय. मोठ्या माणसाने सांगितलं, मी ऐकलं.
बाई : "आणि दीपालीला कळवलंत?"
"मावशीला सांगितलं ना."
"ऑर्डर मावशींच्या नावाने आहे का?"
नाही, म्हटलं.
"एका ओळीचा मेसेज, अहो. तिला नाही तर मला. हा अर्जच उभा राहिला नसता."
आमच्याकडे मयताची गोष्ट अशी बायकोला मेसेजवर टाकत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईच्या कानावर घालायची, ती पुढे सांगते. बाईंना म्हटलं तर म्हणतात, "मला समजतंय हो. समजवायचं जजसाहेबांना आहे."
फोनचा पुरावा चालेल का विचारलं. फोन झाला एवढं निघेल म्हणे. बोलणं काय झालं ते निघत नाही.

५ ऑक्टो., रवि.
आज व्हिडिओ कॉलचा दिवस. हेही ऑर्डरमध्ये आहे, दर रविवारी. आर्वी जेवत होती.
"पप्पा, तू चोर आहेस?"
"कोण म्हणालं?"
"सुमितमामा."
मागून सुमित, मुद्दाम मोठ्याने : "विचार विचार, पुढच्या वेळी कुठे लपवणारेस म्हणून!"
तोंडात शिवी आलेली. आर्वीसमोर गिळली. तेवढ्यात स्क्रीनमध्ये एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा, वरणभाताचा घास घेऊन. मावशीचा. आर्वीने घास घेतला, हात गेला. परत आला. परत गेला. तोंड काही दाखवलं नाही मावशीने. मुलगा जावयाला चोर म्हणतोय, आणि हिला सगळं माहिती, आणि ही भात कालवतेय.
दीपाली दुकानात कामाला जाते. आर्वीचं उठणं-झोपणं, वेणीफणी सगळं त्याच हातात.

८ ऑक्टो.
मोहन्याच्या घरून अप्पांचा, म्हणजे वडिलांचा फोन. "माफी माग आणि मोकळा हो. कोर्टापुढे कसला ताठा?"
म्हटलं, तुम्हीच म्हणालेलात ना, त्यांच्या गणपतीला विटाळ नको.
"मी म्हणालो घरात शिरू नको. दाराबाहेर उभं राहून दीपालीला हाक मारायला कोणी अडवलेलं तुला?"
फोन कापला मी. दाराबाहेर उभं राहून पोरगी काय जिन्यात ठेवायची होती चार दिवस? सुतक तिलाच ना.
पण दोन अक्षरं दीपालीला बोललो असतो तर. बोललो नाही. वर्ष झालं, आम्ही एकमेकांशी वकिलांकडून बोलतो.

१० ऑक्टो.
आपण कोर्टात सुतकाचं उत्तर दिलेलं, त्यावर दीपालीचं उत्तर आलं. बाईंनी वाचून दाखवलं. "मला सुतकाविषयी कोणीही काहीही कळवले नाही. सदर कारण नंतर रचलेले आहे."
रचलेलं! चुलतआजोबा काय नंतर मेले?
रूममधला मंडल म्हणतो, "भाई, बीवी झूठ बोले तो समझ लेना, वकील ने लिखवाया।" हसला. मी नाही हसलो. जेवलो पण नाही. खोटारडी, खोटारडी, खोटारडी.

११ ऑक्टो.
मावशीचा फोन आला. स्वतःहून. शेजारणीच्या नंबरवरून.
"अरे ती खोटं नाही लिहीत. तिला मी सांगितलंच नाही."
"काय?"
"सांगितलं असतं तर तिलाही सुतक लागलं असतं ना. अजून तुझ्याच नावाची बायको आहे ती. माहेरच्या गणपतीपुढून उठून कोपऱ्यात बसली असती. आधीच काय कमी रडते? आरतीचं ताट तिच्या हातात दिलेलं मी."
हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. आर्वीचं सुतक बघितलं, माझं बघितलं, अप्पांचं बघितलं. दीपालीचं कोणीच नाही धरलं. मी पण नाही.
मग मावशी रडायला लागली. यंदाचा गणपती नवसाचा, सुमितच्या बाळासाठी बोललेला. बाळ आता तापाने दवाखान्यात. "सूनबाईला कळलं की सुतकातल्या बाईने आरती केली, तर माझ्या पोरीला घरात ठेवतील का? मला तरी? माझं नाव नको घेऊ कोर्टात."
"मावशी, मग माझं काय?"
"तू बाप आहेस रे. पोर तुझीच राहणार. बापाचं नातं कोण कोर्ट तोडतंय?"
तोडतंय ना. तेच तर तोडतंय. हे बोललो नाही, तिने ठेवला फोन.

१२ ऑक्टो., रवि.
कॉल दीपालीने उचलला. आर्वीच्या आधी ती. वर्षाने तोंड बघितलं. बारीक झालीय.
"एकच विचारते. खरं सांग. आईला फोन केलेलास?"
म्हटलं, "तिला विचार."
"विचारलं. नुसती रडते."
मागे आजीनात दोघी. आर्वीच्या केसांत कंगवा अडकलेला, ती ओरडतेय, मावशी म्हणतेय, झालं गं राणी, झालं. कंगवा थांबला. मावशी ऐकत होती.
हो म्हणालो असतो तर तिथल्या तिथे सुटलो असतो.
"तुझा अर्ज आहे, तू बघ," म्हणालो.
"तू असाच आहेस," दीपाली म्हणाली आणि फोन आर्वीकडे दिला. आर्वीला नवा फ्रॉक दाखवायचा होता. बघितला. रंग कुठला ते आता आठवत नाही.

१४ ऑक्टो.
परवा तारीख. बाई म्हणाल्या आज ठरवा. एक, मावशींना साक्षीला बोलवायचं. खरं बोलल्या तर अर्ज बराचसा ढिला पडतो, मोडलं ते जाणूनबुजून नाही असं म्हणता येतं. दोन, बिनशर्त माफी.
"माफी मागून सुतकाचं पण लिहू ना खाली?"
"नाही. माफीत 'पण' आला की ती माफी राहत नाही."
"माफी दिली की दिवाळी मिळेल?"
"शब्द देत नाही. काही जज माफीवर सोडतात. काही म्हणतात, म्हणजे कबूल केलंत. मग मुक्काम जातो."
विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला. मचाणावर दिवसभर एकच दिसत होतं. मावशी पिंजऱ्यात, मागे सुमित, आणि मग घरी गेल्यावर त्या घरात काय. तो हात आर्वीला घास भरवेल का? दीपाली पोरीला घेऊन कुठे जाईल? माझ्याकडे? ओडिशात? दहा बाय दहाच्या खोलीत, मंडलच्या चुलीशेजारी?
आणि मी काय कोणी मोठा देवमाणूस नाही. मावशीचा राग येतोय. खूप येतोय. तिच्या आरतीपायी मी चोर.

१५ ऑक्टो.
अर्धी सुट्टी टाकून इथल्याच गावातल्या नोटरीकडे गेलो. बाईंनी मसुदा पाठवलेला. 'मी बिनशर्त माफी मागतो.' मावशीचं नाव कुठे नाही. मयताचं नाही. गणपतीचंही नाही. नोटरी उडिया, मराठी कागद उलटसुलट बघितला, शिक्का मारला. म्हणाला, "क्या लिखा है?" म्हटलं, गलती हो गई लिखा है.
फोटो बाईंना गेले. मूळ कागद कुरियरने. त्यांनी विचारलं, "नक्की ना? हे परत घेता येत नाही."
नक्की म्हणालो. उद्या जज काय करेल ते त्यालाच माहीत. आर्वी येईल म्हणून फराळ करायचा का, ते अप्पांना काही बोललो नाही.
सुतक पाळलं त्याची माफी. नोटरी, कुरियर आणि बाईंची फी (आत्ता पाठवतोय) धरून : ५,२०० रु.