घशातल्या खड्यांबद्दल दाजींना सविस्तर उत्तर

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२९ मे १९९६

तीर्थस्वरूप दाजी आप्पासाहेब यांच्या सेवेशी, धाकटा मेहुणा बद्रीनाथ याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत. आपलीही खुशाली कळवत जावी, असं लिहिणार होतो, पण आपण खुशाली कळवणाऱ्यांतले नाही हे मला पंचवीस वर्षांपासून ठाऊक आहे. परवा आपलं कार्ड पोचलं. पत्ता सोडला तर त्यावर एकच ओळ होती, 'द्वारका कधी येणार?' (खाली सही नव्हती. पण कार्डाला कांद्याचा वास होता, म्हणजे ते वैजापूरच्या तुमच्या आडतीवरूनच आलं हे पोस्टमननंही ओळखलं.) आमच्या संजीवनीचं लग्न होऊन वीस दिवस झाले. त्या लग्नाला आलेली द्वारकाअक्का गुडघा दुखतो म्हणून माझ्याकडेच थांबली, ती अजून इथंच आहे. तेव्हा आपला प्रश्न रास्त आहे आणि मी त्याचं उत्तर देणार आहे. पण त्याआधी तुम्हाला माझ्या घशाची हकीकत ऐकावी लागेल. दोन्हींचा संबंध आहे. आडतीवर गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा, आणि मोठ्यानं वाचू नका.

साखरपुड्याच्या दिवशी मी व्याह्यांना, म्हणजे हर्सूलच्या नानासाहेबांना, गळाभेट न देता लांबूनच हात जोडले, हे तुम्ही पाहिलं होतं. खांदा भरलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुम्ही त्यावर मला शेकायला विटकर सुचवली होती. दाजी, खांद्याला काही झालं नव्हतं. तो माणूस दोन्ही हात पसरून माझ्याकडे येत होता आणि मला त्याच्या नाकाची भीती वाटत होती.

याचं मूळ कालव्यावर आहे. पाटबंधारे खात्यात माझा दरारा आहे हे तुम्ही जाणता. पाणीपाळी सुटली की वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांची जुंपते, फावडी उगारली जातात, आणि मग कालवा निरीक्षक म्हणून मला बोलावणं येतं. माझी पद्धत ठरलेली. मी ओरडत नाही. जो जास्त तापलेला असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, तोंड त्याच्या तोंडाजवळ न्यायचं आणि हलक्या आवाजात समजूत घालायची. दोन मिनिटांच्या आत माणूस 'व्हय साहेब, तुम्ही म्हणताल तसं' म्हणून मोकळा होतो. बारा वर्षं मी असे तंटे मिटवले. वरिष्ठांनी दोनदा शाबासकी दिली. (नव्या निरीक्षकांना माझ्याबरोबर फिरायला पाठवत, समजूत कशी घालावी ते शिकायला. ते सगळे जरा मागेच उभे राहत.) माझ्या शब्दाला वजन आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

ती यंदाच्या थंडीत मुंजाबानं मोडली. मुंजाबा म्हणजे मेंढरं राखणारा म्हातारा. त्याच्या कळपानं कालव्याचा भराव तुडवला होता, म्हणून मी त्याच्या जवळ जाऊन शांतपणे बोलायला लागलो. त्यानं थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाला, "सायेब, मला लांबचं चांगलं ऐकू येतंय. तुम्ही तिथूनच बोला. ती बघा, मेंढरं बी मागं सरायलीत." मी पाहिलं, तर खरंच सरली होती. मेंढरांना तर माझ्या हुद्द्याची काही माहिती नव्हती.

घरी येऊन मी सुगंधाला स्पष्ट विचारलं. (आता तिच्या नावावरून काही बोलू नका, ते सगळं ऑफिसात बोलून झालंय.) ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "चार वर्षं झाली सांगायलेय, जरा पाणी पीत जा, जरा चूळ भरत जा. तुम्हाला वाटलं मी काळजीनं सांगायलेय." मग सुरू झाले उपाय. आधी पोटावर संशय घेऊन त्रिफळा आणि एरंडेल. (त्या आठवड्यात मी कालव्यावर जाऊ शकलो नाही. कालवाच काय, अंगणातसुद्धा जाऊ शकलो नाही.) मग दातांवर संशय. एका दातवाल्यानं माझी उजवी दाढ काढून हातात ठेवली. ती अगदी निर्दोष होती, तिचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी संशय तुमच्या कांद्यांवर गेला, आणि तुम्ही प्रेमानं पाठवलेलं अख्खं पोतं मी शेजारच्या वच्छलाबाईंना देऊन टाकलं. राग मानू नका. कांद्याचा यात काही गुन्हा नाही, हे मी आता लेखी देतो. साखरपुडा आला तेव्हा उपाय संपले होते आणि वास होता तसाच होता, म्हणून खांदा भरला.

पण नानासाहेबांना ते फार लागलं. पिढीजात शेतकरी माणूस. गळ्यात गळा पडल्याशिवाय सोयरीक झाली असं ते मानत नाहीत. त्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला, की पावणे सरकारी सायेब हायेत, कास्तकाराला छातीशी धरलं तर त्येंचे कपडे मळत असतील. दाजी, माझी पोर त्या घरात जाणार होती. सासऱ्याच्या मनात अशी अढी बसली तर ती आयुष्यभर पोरीला निस्तरावी लागते. लग्नाला दीड महिना होता, आणि लग्नातली व्याहीभेट चुकवणं शक्य नव्हतं. दुसरा खांदा तरी किती वेळा भरणार?

आणि त्याच आठवड्यात गुन्हेगार सापडला. जेवताना ठसका लागला आणि घशातून काहीतरी तळहातावर येऊन पडलं. पिवळट पांढरं, ज्वारीच्या दाण्याएवढं. मला वाटलं, भाकरीतली कणी असेल, म्हणून मी ते चिमटीत चिरडलं. दाजी, तुम्हाला मी वडिलांच्या जागी मानतो, म्हणून एकच सांगतो. कधी असं काही हाती आलं तर ते चिरडू नका. कालवा बंद केल्यावर डबक्यात मासे मरून आठवडा झाला की जो वास येतो तो सगळा त्या एका दाण्यात होता. सुगंधा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. पण मी मात्र मनातून खूष झालो. शत्रू दिसला की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम आपणच करावं असं मी ठरवलं, ही चूक. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सुगंधाचा केसांचा आकडा, आणि समोर खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, असा मी सकाळच्या उजेडात आ वासून उभा राहिलो. एक खडा काढला, दुसऱ्याच्या मागे लागलो, आणि ओकारी आली ती आरशासकट सगळ्यावर. थोडं रक्तही आलं. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे हे मी विसरलो होतो. वच्छलाबाईंनी गल्लीभर सांगितलं, की पोरीच्या लग्नाच्या काळजीनं भाऊजींनी आकडा गिळायला घेतला होता. संध्याकाळपर्यंत चार माणसं माझी समजूत घालून गेली. (जवळ येऊन नव्हे.)

तेव्हा कुठं मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयानं संजीवनीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण पहिल्यांदा त्यांनी मला आकड्यावरून जे झापलं, तसं मला कुणा कार्यकारी अभियंत्यानंही झापलेलं नाही. मग आरशात दाखवलं. आपल्या टॉन्सिलला बारीक बारीक खाचा असतात. कुणाच्या उथळ, कुणाच्या खोल. माझ्या खोल आहेत. त्यांत अन्नाचे कण, मेलेली कातडी आणि जंतू साचतात आणि त्याचा घट्ट होऊन खडा बनतो. हा मोठा रोग नव्हे, याला घाबरायचं काही नाही आणि लाजायचं तर मुळीच नाही, लाखो लोकांना असतो, असं त्या म्हणाल्या. (घरी सांगितलं तर सुगंधा म्हणाली, मुतखडा ऐकला, पित्ताचा खडा ऐकला, तुम्हाला साधा कुठला व्हावा.) फारच छळलं तर ऑपरेशन आहे, पण ते शेवटचं. खडे पुन्हा पुन्हा होणार हे मात्र त्यांनी आधीच सांगून टाकलं. मला ते आवडलं. गाळ साचायचाच, तो काढत राहणं हे आमच्या खात्याचं काम, आणि तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

तेव्हापासून माझ्या घशाचा कारभार मी चोख ठेवलाय. प्रत्येक जेवणानंतर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, मान मागे टाकून, आवाज निघेल अशा. (वच्छलाबाई त्या आवाजावर दुपारची झोप उरकून चहा ठेवतात.) दोन वेळा दात, त्याबरोबर जिभेचं मूळ घासणं. दिवसभर पाणी. घशात पापडाचा तुकडा अडकल्यासारखं वाटलं की समजायचं, पाहुणा आला. मग टोकदार काही नाही, ओल्या कापसाच्या काडीनं बाजूला हलकंसं दाबायचं, निघाला तर निघाला, नाही तर पुन्हा गुळण्या. महिन्यातून एखादा येतोच. पण आता तो येतो आणि जातो, मुक्काम करत नाही. मेंढरांच्या कळपाजवळून मुद्दाम जाऊन आलो. एकही हललं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी मंगल कार्यालयाच्या मागच्या नळावर चार वेळा गुळण्या केल्या. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि व्याहीभेटीला आम्हाला समोरासमोर उभं केलं. नानासाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आज कुठला अवयव भरलाय ते ऐकू द्या. मी पुढं झालो आणि त्यांना मिठी मारली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी पद्धतीप्रमाणे मला जमिनीवरून उचललं. पैलवानी माणूस. बरगड्या आवळल्या, मला खोकला आला, आणि घशातून एक खडा सुटला तो थेट त्यांच्या खांद्यावरच्या नव्या टॉवेलवर. पण दाजी, आपल्या मराठवाड्यात अक्षता ज्वारीच्या असतात, हे देवानं फार चांगलं केलं. त्यांच्या खांद्यावर आधीच आठदहा पिवळे दाणे होते. नानासाहेबांनी नेमका तोच चिमटीत उचलला, भरल्या डोळ्यांनी माझ्या डोक्यावर टाकला, आणि म्हणाले, "आता कसं सोयरे झालो, पावणं." त्यानंतर त्यांनी मला पंगतीत शेजारी बसवलं, तोंडात तोंड घालून तासभर बोलले. संजीवनी परवा माहेरपणाला आली तेव्हा म्हणाली, मामंजी तुमचं नाव काढल्याशिवाय जेवत नाहीत. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

असा हा माझ्या घशाचा इतिहास. मोठ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद, आणि हमालांनाही माझा रामराम सांगावा.

आपला आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. अक्काचा गुडघा ठणठणीत आहे. रोज दोन वेळा गच्चीवर चढून कुरडया वाळवते.

ता. क. दुसरा. मग ती येत का नाही, असं तुम्ही विचाराल. लग्नाहून निघताना तुम्ही मला जवळ घेतलंत, आठवतं? दाजी, जो वास मी बारा वर्षं घशात वागवला तो मी ओळखणार नाही का? लिलावाच्या वेळी व्यापारी तुमच्यापासून दोन हात लांब उभे राहतात ते मानापोटी, असं तुम्ही मला एकदा सांगितलं होतं. माझंही माझ्याबद्दल तेच मत होतं. अक्कानं सहा वर्षांपूर्वी आपलं अंथरूण स्वयंपाकघरात नेलं ते उंदरांपासून भाकरीची पाटी राखायला नव्हे. पण तुम्हाला उणं बोलायची तिला सवय नाही, म्हणून तिनं गुडघा पुढं केला. दिवाळीनंतर तुमच्या कांचनचं लग्न आहे आणि व्याहीभेट तुम्हालाच करायची आहे. डॉक्टरीणबाईंची येत्या मंगळवारची सकाळी अकराची वेळ घेतली आहे. नाव माझंच दिलंय, तुमचा मान राहावा म्हणून. रिकाम्या हातानं या. कांदे आणलेत तरी चालतील, यापुढे मी ते खाणार आहे.

ता. क. तिसरा, हा अक्का स्वतःच्या हातानं लिहितेय, शुद्धलेखन पाहू नये.

बद्रीनं लई लांबड लावली. गुळण्याचं समदं खरं हाय. पर व्याह्याच्या खांद्यावर पडला त्यो दाणा ज्वारीचाच व्हता, म्या जवळ उभी व्हते. तुमाला लाज वाटू नये म्हून त्यानं सोताची लाज काढली. ह्यो भाऊ लहानपणापासून असाच हाय. तुमी मंगळवारी या. गाडीवर मी सोता येते न्यायला. मला हितं तुमच्याबिगर करमत नाय, आन् तिथं दारातनं बोलून बोलून जीव थकला.