मोहाच्या झाडाची नाईट ड्युटी

मी गिरजाबाई टिकाराम रामटेके, वय वर्षे ७४, राहणार स्मृति नगर, भिलाई, जिल्हा दुर्ग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दबावाविना आणि नशापाणी न करता लिहून ठेवते. शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण माझ्या अंगणात मोहाचं झाड आहे आणि लोकांना बोलायला काय लागतं! यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायची घाईही नाही.

१. राहतं घर मुलगा अभिनव याला. अट एकच, मोहाचं झाड तोडायचं नाही. त्याला तिथे गाडीसाठी शेड बांधायची आहे हे मला ठाऊक आहे. बाबू, गाडी गेटाबाहेर ठेव. झाड तोडलंस तर घर तुझी बहीण ममता हिचं. ती तोडणार नाही. ती मला अजून भिते, मेल्यावरही भिईल.

२. पोस्टातली ठेव, गळ्यातली पोत आणि शिलाई मशीन ममताला. मशीनला तेल देत जा गं.

३. १९८७ पासूनची भिंतीवरची सगळी कॅलेंडरं आम्रपालीला. ही पोरगी रायपूरला विद्यापीठात संशोधन करते. हवामान बदलतं तशी झाडं आपली वेळ बदलतात का, हा तिचा विषय.

आमचे हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. त्यांची शिफ्ट मी कॅलेंडरवर लिहायची: फर्स्ट, सेकंड, नाईट. त्याच चौकोनात मोहाचंही लिहायची. पहिलं फूल कधी पडलं, मग रोज किती पडली, मूठभर की टोपलीभर. काहून लिहायची, तर आवडायचं म्हणून. आम्रपाली रायपूरहून कुम्हारीमार्गे बसने यायची आणि खाली बसून एकेक चौकोन उतरवून घ्यायची. महिन्याभराने म्हणाली, "आजी, दर तिसऱ्या हप्त्यात गडबड आहे. एका तारखेत दोन दिवसांची फुलं, अन् हप्ता संपला का एक तारीख रिकामी. तुमचं झाड नाईट ड्युटी करते का?"

मी हसून हसून खाटेवर आडवी झाले. अगं, झाड नाही, घरच नाईट ड्युटी करायचं! हे रात्री दहाला जायचे, सकाळी यायचे. चहा पिऊन झोपेपर्यंत आमच्याकडे कालचीच तारीख. मोह पडतो पहाटे, म्हणून तो कालच्या चौकोनात. हे रिटायर होईपर्यंत चूक चालली. पण शिफ्ट शेजारीच लिहिलेली होती, म्हणून पोरीने प्रत्येक दिवस आपल्या जागी नेला.

आता ती म्हणते, तुमचा मोह पूर्वीपेक्षा नऊ दिवस आधी पडायला लागतो. एका झाडावरून जंगलाचं सांगता येत नाही, पण इतकी लांब नोंद कुणाच्या घरी मिळत नाही, खंड पडू देऊ नका. त्या नऊ दिवसांनी जीव चरकतो. तरी सातवी पास बाईचं लिहिणं विद्यापीठात वाचतात याचा मला भारी आनंद आहे, खोटं कशाला बोलू!

४. नवीन कॅलेंडर, पेन्सिल आणि टोपली शेजारचे दौलतराव बोरकर, रिटायर्ड रेल्वे गार्ड, यांना. होय, त्यांनाच. आमची पानं त्यांच्या अंगणात पडतात म्हणून या माणसाने कॉलनीच्या कमिटीत तीन अर्ज केले. वीस वर्षं आम्ही भिंतीवरून फक्त भांडलो.

गेल्या वर्षी ऐन मोहात मी अकरा दिवस दवाखान्यात होते. घरी आले आणि रिकामे चौकोन बघून रडले. तर दौलतरावांनी भिंतीवरून डायरी पुढे केली. अकराही दिवस लिहिलेले, घड्याळाच्या वेळेसकट. वर म्हणतात, "वैनी, तुमचा कचरा माह्या अंगणात पडून राह्यला होता. मोजून ठेवला."

रेल्वेवाल्यांची तारीख रात्री बाराला बदलते, चहा पिऊन नाही. म्हणून पुढची नोंद यांच्या हाती, आणि यांच्यानंतर यांची नात खुशबू हिच्या. अभिनवने त्यांना पहाटे गेट उघडून द्यावं आणि चहा पाजावा. तिन्ही अर्ज माफ. चौथा केला तर टोपली परत.

५. हे कलम वकीलसाहेब नको म्हणत होते, पण मृत्युपत्र माझं आहे. आज दौलतराव इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला आले. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. "मले काय भेटून राह्यलं?" दौलतराव म्हणाले. त्यांना कलम चार वाचून दाखवलं. ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "वैनी, तुमी अजून वीस वर्सं लिवा. मी थांबतो."

बरं, थांबा मग.

सही: गिरजाबाई टिकाराम रामटेके

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही आणि ज्यांनी माझी सही समोर बघितली:
१) बेबीताई डोंगरे, समोरच्या घरी राहणाऱ्या
२) भैयालाल साहू, वीज दुरुस्तीवाले, जामुल

स्थळ: स्मृति नगर, भिलाई, मोहाखाली
दिनांक: २३ मार्च २०२५, रविवार. आज टोपलीभर.
तारीख दौलतरावांनी तपासली आहे.