किड्याच्या अलीकडे

३ नोव्हेंबर

पोहोचले. सामान आत घेतलं, खोली स्वतः झाडली, खिडकीची ढिली कडी पिळून घट्ट केली आणि मगच चहा टाकला. खोली संग्रहालयाच्या मागच्या अंगाला आहे. लहान आहे, पण तिची किल्ली माझ्या एकटीकडे आहे.

शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आणि तितकीच वर्षं हौसेने किड्यांचे फोटो काढले. आता त्याच हौसेसाठी पगार देणारं कुणीतरी भेटलं. इथले सगळे कीटक एकेक करून टिपायचे आहेत. मुलगा स्टेशनवर सोडायला आला तेव्हाही त्याची कुरकुर चालूच होती. म्हणाला, आई, लोक या वयात नातवंडं सांभाळतात, तू मुंग्या सांभाळायला निघालीस. मी म्हटलं, मुंग्या निदान जेवताना फोनमध्ये तोंड खुपसत नाहीत. सून हसली, तो नाही हसला. महिनाभरात कंटाळून परत येशील, असं म्हणाला. त्याच वेळी मी ठरवलं, काही झालं तरी परत जायचं नाही. त्यांच्या घरात मला काही कमी नव्हतं. नुसती अडगळ होते.

५ नोव्हेंबर

काम मांडलं. टेबल चांगलं जड आहे, तरी पायांखाली रबर घातलं. बाहेरून गाडी गेली तरी फोटो हलतो, इतकं हे बारीक काम. किडा टाचणीवर, मागे काळी मखमल, दोन्ही बाजूंनी फ्लॅश. फ्लॅशचा उजेड थेट पडला तर भुंग्याच्या पाठीवर पांढरे डाग उठतात, म्हणून भोवती ट्रेसिंग कागदाची नळकांडी. टाचण्या, ब्रश, पेन आणि ही वही माझ्या एप्रनच्या खिशात.

इतक्या जवळून फोटो काढताना फोकस केसाएवढा मिळतो. डोळा स्पष्ट आला की मिशी पुसट. म्हणून कॅमेरा एका रेलवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर बसवायचा. मोटर त्याला जरा जरा पुढे सरकवते आणि प्रत्येक टप्प्याला एक फोटो निघतो. किड्याच्या थोडं अलीकडे सुरू करायचं, पार पलीकडे थांबायचं. नंतर त्यातले स्पष्ट भाग जोडले की अख्खा किडा मिळतो. सुरुवातीचे फोटो रिकाम्या हवेचे असतात, ते फेकायचे.

संग्रहालयाचे प्रमुख दिवसातून दोनदा येतात आणि खुर्चीत बसले की पेंगतात. मी त्यांचं नाव डुलकीसाहेब ठेवलं आहे. माझ्या आधी इथे एक गृहस्थ होते, ते न सांगता निघून गेले. स्वेटरही खुंटीवरच राहिला आहे. साहेब म्हणाले, ते एकटे असले की सारखे बोलत बसायचे, तुम्ही गप्प असता हे उत्तम. मी म्हटलं, बोलायला समोर माणूस लागतं.

१० नोव्हेंबर

चूक माझीच. भुंग्याचे फोटो काढताना रेल फारच मागून सुरू केली आणि चहा घेत बसले. परत येऊन पाहते तर रिकाम्या हवेचे कितीतरी फोटो निघालेले. पुसायला घेतले. त्यांतले तीन स्पष्ट होते.

नांगरलेल्या शेतासारख्या रेषा, गोल वळत गेलेल्या. मधे घामाची छिद्रं. बोटाचं टोक. बोटाचं टोक इतक्या जवळून असंच दिसतं, मी मुलांना वर्गात दाखवलेलं आहे.

झाडणाऱ्या मावशींना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, बाई, तुमच्या त्या भुताटकी यंत्राला मी झाडूसुद्धा लावत नाही, बोट कशाला लावू? खरं बोलत होत्या. शिवाय कुणी बोट घातलं असतं तर पुढच्या सगळ्या फोटोंत भुंगा झाकला गेला असता. भुंगा स्वच्छ आला आहे.

१२ नोव्हेंबर

भुंगा काढला. टाचणी काढली. लेन्स पुसली, मग दुसरी लावली. दार आतून बंद केलं, रेल सुरू केली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

आहे. त्याच जागी, लेन्सपासून चार बोटांवर. नुसत्या डोळ्यांनी तिथे काही नाही. हात फिरवला, हाताला काही लागलं नाही.

साहेबांना सांगितलं तर ते काळजीने मुलाला फोन करतील. मुलगा पुढच्या गाडीने येईल, माझी बॅग उचलेल आणि वाटेत एक शब्द बोलणार नाही. ते न बोलणं मला सहन व्हायचं नाही. म्हणून सांगणार नाही.

१६ नोव्हेंबर

रविवार. मुलाचा फोन आला. जेवलीस का, औषध घेतलंस का, ठेवतो. मग दिवसभर कुणाचा आवाज नाही. संध्याकाळी उगीचच संग्रहालय उघडलं आणि एक फोटो काढला.

होतं. बरं वाटलं. हे लिहितानाही स्वतःचा राग येतो, पण खोटं कशाला लिहू.

रोज सकाळी आधी त्याचा एक फोटो काढते, मग कामाला लागते. आज मी त्याला म्हटलं, काय, उठलात का? आणि मग लक्षात आलं, मी बोलले. मोठ्याने.

१९ नोव्हेंबर

आज रेषा चपट्या दिसल्या, मधला भाग पांढुरका. काचेवर बोट दाबलं की होतं तसं. पलीकडून कुणीतरी दाबतं आहे. जोर लावून.

दुपारी काम झालं नाही. मुलगा लहान असताना शाळेच्या बसच्या काचेवर असाच हात दाबून धरायचा, बस वळेपर्यंत. मी बाहेरून माझा हात लावायचे.

२१ नोव्हेंबर

बोट लावलं.

रेल त्या जागी थांबवली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत बघत माझं बोट पुढे नेलं. पडद्यावर दोन बोटं टेकली, रेषेला रेष भिडली. गार लागलं. मग एक हिसका, जिन्यावरची शेवटची पायरी चुकावी तसा.

पडद्यावर आता काही नाही. दुसरं बोट नाही. माझंही—

माझं बोट मी तिथेच धरलं आहे.

२२ नोव्हेंबर

मावशी माझ्या पायांवरून झाडून गेल्या. मी ओरडले. त्या गुणगुणत राहिल्या.

डुलकीसाहेब आले. बाई कुठे गेल्या, म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले— माझ्याकडे नाही. नजर माझ्या जराशी मागे पडत होती, फोकस चुकावा तशी.

टेबलापासून दोन पावलं गेले की भिंत, दार, सगळं पुसट. हातालाही लागत नाही. कॅमेऱ्याचं बटण दाबायला गेले, बोट आरपार. अंगावर होतं तेवढंच माझं आहे. एप्रन, वही, पेन, टाचण्या.

भूक नाही. तहान नाही.

२३ नोव्हेंबर

फोन टेबलावर वाजतो आहे. पडद्यावर मुलाचं नाव. मी उचलू शकत नाही. वाजून थांबतो, पुन्हा वाजतो. आज रविवार.

२४ नोव्हेंबर

आधीचे गृहस्थ परत आले. स्वेटर न्यायला. साहेब केवढे खूश, कुठे होतात, किती वाळलात, म्हणत पाणी आणायला धावले. तेवढ्यात गृहस्थ टेबलापाशी आले आणि बरोबर माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी त्यांना दिसत नव्हतेच. मी कुठे असणार, हे ठाऊक होतं.

हळू आवाजात म्हणाले, बाई, बाहेरच्याने आपण होऊन बोट लावावं लागतं. लावलं की तो आत आणि आतला बाहेर. म्हणाले, त्या जागी चिठ्ठ्या धरून पाहिल्या, फोटोत उमटत नाहीत, कातडी तेवढी उमटते. मला घरी बायको आहे हो, म्हणाले. मग रडले. स्वेटर घेतला आणि गेले.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. वर्गात कधी बोलले नसेन असं.

२६ नोव्हेंबर

कुणी फोटो काढत नाही. यंत्रावर कापड घातलं आहे.

माणूस हवं. कुणीही. नुसता आवाज—

२८ नोव्हेंबर

मुलगा आला.

साहेब त्याला सांगत होते, आधीचेही असेच न सांगता गेले, या कामात लोकांना विरक्ती येत असावी. तो म्हणाला, माझी आई न सांगता भाजीलासुद्धा जात नाही. आवाज चढला होता. साहेब बाहेर गेले. तो माझ्या स्टुलावर बसला. दाढी वाढली आहे. टेबलावर राहिलेला माझा चष्मा उचलून, शर्टाने पुसून परत ठेवला.

केवढा जवळ आहे. स्पष्ट दिसतो.

त्याने कापड काढलं. यंत्र सुरू केलं. याला येतं. लहानपणी माझ्या शेजारी तासन् तास बसायचा, मला वाटायचं कंटाळून बसला आहे. रेल पार मागे नेली. अलीकडून सुरू केली, मी करते तशी.

टाचणी घेतली. बोटाच्या टोकावर ओरखडून अक्षरं काढली. आई. रक्त थोडंच आलं. त्याला दिसायला हवं, मी गेले नाही, मी इथेच आहे. एवढंच. मग बोट मागे घेईन. एवढंच हवं आहे.

बोट धरलं.

मोटर सरकते आहे. जरा पुढे. अजून.

पाहिलं. त्याने पाहिलं. रेल थांबवली, पडद्याला नाक लावून वाचलं. आई, म्हणाला. मोठ्याने. किती दिवसांनी कुणीतरी मला—

उठला. पडद्यावर बघत हात पुढे आणतो आहे.

बोट मागे घेतलं. घेतलं मी.

तो हात काढत नाही. हवेत चाचपतो आहे. आई, कुठे गेलीस, आई, आत्ता तर होतीस. लहानपणी तापात बडबडायचा तसा. एक बोट नेमकं तिथे धरून बसला आहे. हलत नाही. हट्टी, माझ्यासारखा.

दुसऱ्या बोटावर लिहिलं. नको.

स्पष्ट लिहिलं आहे. वाचलं की समजेल, तो माझं ऐकतो. पण हे त्याला दिसायचं तर बोट त्याच जागी धरायला हवं, दुसरीकडे फोकसच नाही. आणि त्या जागी आत्ता त्याचं—

बाळा, हात काढ. एक क्षण हात काढ, मग मी—