मागच्या चाकाचा नट

ताझुकोताई,

धाकट्याचा नमस्कार. तुझा हारुओमी मजेत आहे, पोटभर जेवतो. दाजींचा गुडघा कसा आहे? यंदा उमेच्या फळांचं लोणचं घातलंस का?

टीव्हीवर पाहिलंच असशील, फुजीच्या जीटी शर्यतीत आमची गाडी तिसरी आली. आमच्या कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्यांत सगळ्यांच्या पुढे! म्हणून आता सांगतो. शुक्रवारच्या सरावानंतर तिच्या मागच्या चाकाचा नट सैल सापडला होता. माझा संशय कुराउचीवर. हा मेकॅनिक गेल्या वर्षापर्यंत आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होता. शर्यतीच्या सकाळी तो त्याच चाकापाशी वाकलेला दिसला. मी त्याचा हात धरला.

"काय चाललंय?"

"तेच तुला विचारायचं होतं," तो म्हणाला. "चाक तूच लावलं होतंस. गाडीत भाचा बसतो म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवू?"

हारुओमी हेल्मेट घेऊन मागेच उभा होता. "मामा, भांडताय काय? दोघं मिळून आवळा, म्हणजे मी बिनघोर पळवतो."

आम्ही आवळला. शर्यतभर चाक घट्ट राहिलं.

नट कुणी सैल केला, ते अजून कळलेलं नाही. कुराउची आणि मी आता एकाच टेबलावर जेवतो. पण मी पाना उचलला की तो बघत राहतो, आणि त्याने उचलला की मी.

तू मात्र जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझाच,
शिगेकी