टेकडीवर ठेवलेला दगड

न्योपा, ता. ९ जुलै

ती. नोवाईताईस,
झाओचा सा. न. वि. वि.

आईला शनिवारी घरामागे बाबांच्या कबरीशेजारी ठेवलं. पाऊस थांबेल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली, पण तो थांबला नाही. पूल वाहून गेल्यामुळे तू अर्ध्या वाटेतून माघारी फिरलीस, हे ट्रकवाल्याकडून संध्याकाळी कळलं. तोवर गावात कुजबुज झाली होती की मोठी मुलगी आली नाही. मी सांगितलं की मुलगी निघाली होती, रस्ताच आला नाही.

पाद्रीबाबांनी प्रार्थना मनापासून म्हटली. आपल्या घरातल्या दगडाच्या रीतीचा विषय मी त्यांच्यापुढे काढला नाही. आई ज्या दगडाने पामचे दाणे फोडायची तो ओढ्यावर घासून छपरावर वाळत ठेवला आहे. माणसाच्या घरातला रोग जंगलातल्या चिंपांझींना लागू नये, एवढीच आमच्या राखणीच्या कार्यालयाची अट. पाऊस उघडला की टेकडीवर नेईन.

पण तुला आधीच सांगून ठेवतो. टेकडीवर आता तीनच चिंपांझी आहेत. म्हातारी बेमा, तिचा मुलगा फोलो आणि म्हातारा ग्वे. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा त्यांचा गलका आपल्या अंगणात ऐकू यायचा. काही खोकल्याच्या साथीत गेली. वयात आलेल्या पोरी माळ ओलांडून मोठ्या डोंगराकडे गेल्या, आणि त्यांच्या बदल्यात तिकडून कुणी आलं नाही. दोन्हीकडचं जंगल जोडायला माळावर लावलेली झाडं यंदाही वणव्यात जळली. मी पगार घेऊन रोज त्यांच्या मागे फिरतो, म्हणजे खरं तर त्यांचं कमी होणं पाहत फिरतो. फोलोचा उजवा हात शिकाऱ्याच्या फासात गेला, ग्वेला नीट दिसत नाही. दगड उचलून दाणा फोडणारी एकटी बेमा उरली आहे.

तू जेवणाची आबाळ करू नकोस. आईची माया आता तुलाच माझ्यावर करायची आहे, तेव्हा जपून राहा.

तुझा धाकटा,
झाओ


कोनाक्री, ता. १ ऑगस्ट

चि. झाओस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोनवर तू नुसतं हो-हो करतोस आणि ठेवून देतोस. पत्रात तुला लपता येत नाही, म्हणून मला पत्रच बरं. रस्ताच आला नाही, हे तुझं उत्तर मी शेजारणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझा भाऊ जंगलात फुकट गेला, त्याला बाजारात बसवायला हवं होतं.

ही शेजारीण समुद्राकाठची. तिला मी आपली रीत सांगितली, की आमच्या घरात बाई गेली की तिचा दगड टेकडीवर ठेवतात. चिंपांझी झोपून उठल्यापासून पुन्हा झोपेपर्यंत घरचा एक पुरुष तिथे बसतो. त्यांच्यापैकी कुणी त्या दगडाने दाणे फोडले की समजायचं, बाई पोचली, टेकडीने तिला घेतलं. शेजारीण आधी पोट धरून हसली. मग भांडी घासता घासता हळूच विचारते, बाहेरच्या बायकांना घेतात का गं?

तेव्हा तू जाशील त्या दिवशीचं सगळं लिही. कोण कधी उठलं, काय खाल्लं, कुठे बसलं. मला तिथे बसायचं होतं, ते तुझ्या डोळ्यांनी बसेन. आणि गोड करून लिहू नकोस. खोटं लिहितोस तेव्हा तू अक्षर फार सुंदर काढतोस, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे.

मी बरी आहे. भूक कमी झाली आहे, त्यामुळे कमरेचं कापड सारखं सैल होतं, एवढंच. बाजारात भात विकणारी बाईच वाळली तर भात कोण घेणार, म्हणून दोन कापडं एकावर एक नेसते.

माझ्या भावजयीला, कोलूला, विचारल्याचं सांग. माझी आठवण ताटावर बसताना काढ, झोपताना नको.

तुझी ताई,
नोवाई


न्योपा, ता. २३ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी जाऊन आलो. आदल्या दिवशी आईचा दगड मोठ्या पामखाली, दाणे फोडायच्या सपाट खडकाशेजारी ठेवून आलो होतो. अंधारातच निघालो, कारण चिंपांझी उठायच्या आत त्यांच्या झाडाखाली पोचावं लागतं. कोलूने केळीच्या पानात भात बांधून दिला. जपमाळ रुमालात गुंडाळून घेतली. मण्यांचा आवाज झाला की ग्वे बिथरतो. दिसणं गेलं तसं त्याचं ऐकणं वाढलं आहे.

बेमा उशिरा उठली. झोपायला झाडावर रचलेल्या पानांच्या माच्यावर बसून पावसाकडे पाहत राहिली, डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं, आई दारात बसायची तसंच. मग आठवलं की आई जिवंत असतानाही बेमा अशीच बसायची. तू गोड करू नकोस म्हणालीस म्हणून हेही लिहितो.

फोलो आधी उतरला आणि रानउंबरावर चढला. एका हाताने फांदी धरायची आणि तोंडाने फळ तोडायचं, असं त्याचं चालतं. बेमा त्याच्या खालच्या फांदीवर बसली. ग्वेला चढवेना, तो खाली पडलेली फळं चाचपून खात होता. फोलो वरून बरीच टाकतो. मुद्दाम टाकतो की सांडतात, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. दुपारी तिघं एकमेकांचे केस विंचरत पडून होती. बेमा ग्वेच्या पाठीचे केस बाजूला करी, ग्वे हाताला लागेल ते करी. मी भात खाल्ला, तोंड फिरवून. त्यांच्यासमोर खायचं नसतं.

नंतर तिघं सडक ओलांडून पामकडे निघाली. तुला आठवतं, ग्वे सडकेच्या मधोमध उभा राहायचा आणि टोळीतली बायका-पोरं पार जाईपर्यंत ट्रकसुद्धा थांबायचे? परवाही तो तसाच उभा राहिला. फोलो गेला, बेमा गेली. ग्वे उभाच. मागच्या झाडीकडे तोंड करून थांबला होता, अजून कुणी यायचं आहे अशा अंदाजाने. तिकडे फक्त मी होतो. एक मोटारसायकल थांबली, हॉर्न न वाजवता. शेवटी बेमा पलीकडून हलकेच हुंकारली, तेव्हा तो वळला.

पामखाली बेमाने आईचा दगड पाहिला. उचलला, हुंगला, खाली ठेवला. आपला जुना दगड घेतला, एक दाणा फोडला. मग तो टाकून पुन्हा आईचा घेतला. आईच्या अंगठ्याने एका बाजूला जी खोलगट जागा झाली होती, तिथेच तिचं बोट बसलं. तिने ऊन कलेपर्यंत दाणे फोडले. मी देवाचे आभार मानले आणि आईचं नाव घेतलं.

आई पोचली. रीतीप्रमाणे मी हे लिहू शकतो. पण ताई, पूर्वी दगड वाजू लागला की पोरं जवळ येऊन बसायची, हातातून गर पळवायची, वर्षानुवर्षं बघून बघून शिकायची. परवा तिच्याजवळ कुणीच बसलं नव्हतं. तिने सगळे गर एकटीने खाल्ले. संध्याकाळी तिने माचा खूप खालच्या फांदीवर रचला, वर चढायची ताकद उरली नसावी. मी खाली उभा राहून माळ पुरी केली. आईसाठी सुरू केली होती, शेवटचे मणी कुणासाठी ओढले ते सांगता येत नाही.

सैल कापडाचं पुन्हा लिही, नीट लिही. चेष्टेत गुंडाळू नकोस. तुझ्या मायेवर माझा हक्क आहे, तसा काळजीवरही.

झाओ


कोनाक्री, ता. १५ सप्टेंबर

चि. झाओस,
अ. उ. आ.

आई पोचली हे वाचलं आणि चूल पेटवायची विसरले. ग्वेचं पुन्हा पुन्हा वाचलं. शेजारीण म्हणाली, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, काय सांगणार?

आता नीट लिहिते. माझ्या पोटात गाठ आहे. इथल्या दवाखान्यात आधी कापू म्हणाले, नंतर म्हणाले आता कापून काही हाताशी लागणार नाही. डॉक्टर भला माणूस, सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. मला न्यायला येऊ नकोस. या रस्त्याने तिथवर पोचायच्या आधीच मी संपेन, आणि तुला माझं ओझं घेऊन कुठल्यातरी ओढ्याकाठी बसावं लागेल.

एक कर. माझा दगड पेरूच्या झाडाखाली असेल. लग्नाआधी मी वापरायचे तो, टवका उडालेला. बेमा आहे तोवर तो टेकडीवर नेऊन ठेव आणि बस. जिवंत माणसाचा दगड ठेवत नाहीत, हे मला शिकवू नकोस. आपल्याकडे दगड मेलेल्याचा आणि उत्तर ऐकणार मागे राहिलेले. जिला जायचं असतं तिला कधी कळतच नाही की तिकडे कुणी घेतलं की नाही. आईलाही कळलं नाही. मला कळून घ्यायचं आहे. रीत मोडली म्हणून रागावणारं आता कोण आहे? वर तिघं आणि खाली तू.

जे होईल तेच लिही. तू लहानपणी फोडलेल्या दाण्यांचा असा चेंदा व्हायचा की कोंबड्याही तोंड फिरवायच्या, आणि आईला तू सांगायचास की ताईने फोडले. तेवढं एक खोटं मी तुला माफ केलं. दुसरं करणार नाही.

माझे आशीर्वाद संपायचे नाहीत, ते मागून घेत जा.

ताई


न्योपा, ता. ७ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कोलूच्या हातात दिलं. पेरूखालचा दगड तिनेच उकरून काढला आणि धुऊन ठेवला. मी चर्चमध्ये मिसाला गेलो. माफी कशाची मागायची ते कळेना, म्हणून नुसता गुडघ्यांवर बसून आलो.

गुरुवारी पहाटे दगड घेऊन वर गेलो. फोलो आदल्या आठवड्यात माळ ओलांडून गेला होता, तो परतलेला नाही. बेमा माच्यावरच होती. खोकत होती. उजाडलं, ऊन आलं, ती उठून बसली नाही. एकदा हात बाहेर आला, फांदी धरली आणि सोडली. ग्वे झाडाखाली बुंध्याला पाठ लावून बसला होता. मी थोडा वेळ त्यांच्यापाशी थांबलो, मग तुझा दगड पामखाली ठेवून तिथे बसलो. आवाज कुठलाच नव्हता. दुपारी सडकेवरून ट्रक न थांबता गेले. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, ताई.

अंधार पडायच्या आधी मीच तुझा दगड उचलला. पुरुषाने दाणे फोडायचे नसतात, आणि चिंपांझींच्या खडकावर माणसाने तर मुळीच नाही. तरी फोडले. सगळ्यांचा चेंदा झाला, अंगठाही ठेचला. गर टरफलातून वेचून खाल्ले, दोन खडकावर ठेवले. हे घेणं म्हणजे टेकडीने घेणं नाही, ते मला कळतं. पण दगड नुसता पडून राहावा हे मला सोसलं नाही.

आज सकाळी बेमाच्या माच्यावर माश्या दिसल्या. ग्वे अजून खालीच बसला आहे. दगड मी परत आणला आहे आणि माझ्या उशाशी ठेवला आहे.

काल मी दुसरा कागद घेतला होता. त्यावर लिहिलं की बेमा आली, तिने दगड हुंगला. ओळ इतकी देखणी आली की मलाच तुझं बोलणं आठवलं आणि मी तो कागद चुलीत टाकला.

तुझा लोभ जितके दिवस असेल तितके दिवस माझ्यावर असू दे. या पत्राचं अक्षर पाहून घे.

तुझाच,
झाओ