फलाट उत्तम, गाव माहीत नाही

तीर्थस्वरूप दादांना (आणि वहिनींना, ज्यांना तुमची पत्रं तुमच्या आधी वाचायची सवय आहे) धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण गेल्या आठवड्यापासून माझी पाठ सरळ होत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाब? वहिनींनी कळवलं की तो अगदी छान आहे, आणि दिवसभर खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाचा नाही छान असणार तर कुणाचा? (हे वाक्य वहिनींचं. मी फक्त पोचवलं.) निवृत्त होऊन आठ महिने झाले, या आठ महिन्यांत तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा गेला नाहीत, आणि आमच्याबरोबर चला म्हटलं तर "प्रवासी म्हणून गाडीत बसणं मला जमायचं नाही" असं म्हणून तुम्ही फोन वहिनींच्या हातात दिलात, हा विषय मी या पत्रात अजिबात काढणार नाही. हिला मी तसा शब्द दिला आहे. ती समोर काजं करत बसली आहे आणि मधून मधून माझ्या पेनाकडे बघते आहे. तेव्हा तो विषय बंद.

विषय आहे आमच्या सहलीचा. दादा, ठरलं! यंदा ठरलं म्हणजे ठरलं! शाळांचे गणवेश सगळे देऊन झाले, शेवटचा स्कर्ट काल उसवून सैल करून दिला, आणि आता दुकानाला आठ दिवस कुलूप. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडतंय. तुम्हाला माहीतच आहे, दरवर्षी आम्ही डोंगरात जायचं म्हणतो, मी कुठलं गाव चांगलं याचा विचार करायला बसतो, आणि माझा विचार पूर्ण होईपर्यंत हिवाळ्याचे कोट शिवायला येतात. यंदा तुमच्या बहिणीने टेबलावर कात्री आपटून सांगितलं, की मी जाणार, रेल्वेने जाणार, आठवडाभर पायी हिंडणार. तुम्ही आलात तर ठीक, नाहीतर कटिंग टेबलावर तुमच्यासाठी आठ डबे ठेवून जाते, रोज एक उघडा. या बाईने बावीस वर्षं खिडकीशी बसून दुसऱ्यांची काजं केली हो. तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटेना.

बेत असा केला: मुक्कामाला दोन गावं निवडायची. पहिल्यात चार रात्री, दुसऱ्यात तीन. सकाळच्या गाडीने एक-दोन स्टेशनं पुढे जायचं आणि डोंगरातून चालत आपल्या खोलीवर परत यायचं. रोज पाठीवर बिऱ्हाड घेऊन नवीन पलंग शोधत हिंडायचं आता आपलं वय नाही. म्हणजे सगळा खेळ त्या दोन गावांवर. गाव चुकलं की आठवडा गेला, आणि आठवडा गेला की माझी धडगत नाही.

आता त्या रेल्वेवर चौतीस वर्षं गार्डच्या डब्यात उभा राहिलेला माणूस घरातच असताना दुसऱ्या कुणाला विचारणार? मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही सांगितलेलं सगळं मापाच्या वहीत उतरवून घेतलं. (एका बाईच्या ब्लाऊजच्या मापाखालीच जागा होती. पुढे त्यावरून घोळ झाला, पण तो तिचा आणि माझा.) तुमची माहिती म्हणजे काय विचारता! कुठला फलाट डावीकडे, कुठला उजवीकडे, कुठे सावली, कुठे नळ, कुठल्या स्टेशनचं घड्याळ चार मिनिटं मागे. आणि गाव कसं आहे असं विचारलं की प्रत्येक वेळी एकच उत्तर: "माहीत नाही. उतरलो नाही कधी." मी ते ऐकलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी म्हटलं, ज्याचा फलाट एवढा उत्तम ते गाव काय वाईट असणार?

तर तुम्ही पहिला नंबर दिलेलं स्टेशन. दुकान बंद असतं त्या दिवशी आम्ही दोघं पाहणीला गेलो. दादा, फलाट खरंच उत्तम! सावली, फुलांच्या कुंड्या, नळाला थंडगार पाणी. मी तिथेच बाकावर बसून म्हटलं, हेच नक्की करून टाकू. ही म्हणाली, "आधी गाव तर बघू." स्टेशन मास्तरांना विचारलं, गाव कुठल्या बाजूला? त्यांनी मान वर केली. मीही केली. आणखी वर केली. ढगाच्या जरा खाली एक छप्पर दिसत होतं. मास्तर म्हणाले, सपाट जागा इथेच मिळाली म्हणून स्टेशन इथे बांधलं, गाव तिथंच राहिलं, फक्त पाटी खाली आली.

मी डगमगलो नाही, कारण मी घरून नकाशावर टेप लावून आलो होतो. सगळं अंतर साडेतीन इंच! नकाशावर त्या जागी तपकिरी रेघा एकमेकींना चिकटून दाटीवाटीने काढलेल्या होत्या, त्या मला वाटलं छपाईतला दोष असेल. दादा, चुण्या घातल्या की तीन मीटर कापड एका मीटरच्या कंबरपट्टीत बसतं, हे मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना पटवत आलो. साडेतीन इंच कागदात अख्खा डोंगर चुण्या घालून बसवलेला असेल, हे नेमक्या मला, एका शिंप्याला, कळू नये? अडीच तास चढलो. ही पुढे, मी मागे. पहिला तासभर मी तिला निसर्गाची माहिती देत होतो, नंतर नुसता होकार देत होतो, शेवटी शेवटी तर तोही तिने स्वतःच दिला. वर पोचलो तर अकरा घरं आणि एक खानावळ. खानावळीची बाई आम्हाला बघून आतल्या माणसांना बोलवायला गेली, कारण खालून चालत कुणी येतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सगळे पलीकडून बसने येतात म्हणे. वीस मिनिटं थांबलो, चहा घेतला, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून उतरायला लागलो.

उतरताना मी घसरलो. फार नाही, दोन वळणं. लागलं थोडं पाठीला, पण पँट मात्र मागच्या शिवणीवर कंबरेपासून खालपर्यंत उसवली. माझ्याच हातची शिवण! दुसऱ्या कुणी शिवलेली असती तर निदान त्याला मनसोक्त शिव्या घालता आल्या असत्या. त्या उत्तम फलाटावर मी भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा आडवा आडवा चाललो, आणि फुलांच्या कुंड्यांमागे तुमच्या बहिणीने पर्समधली सुई काढून मला पँटसकट शिवला. मधेच सुई टोचायची, मी ओरडायचो, आणि स्टेशन मास्तर सभ्य माणूस म्हणून रुळांकडे बघत उभे. ही इतकी हसत होती दादा, की तिच्या हातचा टाका वाकडा आला. तिच्या हातचा! मी तिला असं हसताना किती वर्षांनी पाहिलं ते सांगता येणार नाही. माझं सगळं अंग ठणकत होतं आणि मला वाटत होतं, अजून एकदा घसरावं.

दुसरी पाहणी परवा केली. आता तुमचं दोन नंबरचं, बोगद्याजवळचं स्टेशन. तुम्ही बजावलं होतं, की फलाट आखूड आहे, पुढचे दोनच डबे फलाटावर येतात, बाकी गाडी बोगद्यात उभी राहते. मी हे वहीत अधोरेखित केलं होतं. आणि तरीही आम्ही शेवटच्या डब्यात बसलो! का? तर ही शेवटच्या डब्याशिवाय कुठे बसतच नाही. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हापासूनची तिची सवय: दादाच्या डब्याला लागून बसायचं. लग्न होऊन आली त्या दिवशीसुद्धा शेवटच्याच डब्यातून उतरली आणि आमचे सगळे लोक फलाटाच्या दुसऱ्या टोकाला फुलं घेऊन उभे. तर गाडी थांबली, बाहेर काळोख, समोर बोगद्याची भिंत. मी दार उघडून भिंतीला हात लावून बघितला. ओली होती. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आम्ही निघालो. (म्हणजे दादा, चौतीस वर्षं त्या स्टेशनवर तुम्हीही हीच भिंत बघितलीत की! आणि त्याला दोन नंबर दिलात?)

झक मारत पुढच्या स्टेशनवर उतरलो. तेच, ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणाला होतात, "तिथं काही नाही. मातीचा फलाट, एक बाक, तेही मोडकं." बाक मोडकंच आहे. पण दादा, बाकाच्या मागे झाडं आहेत, आणि झाडांच्या मागे आहे ते गाव! अहो, रुळांपासून चाळीस पावलांवर! दगडी पायवाटा, पावाची भट्टी, एका बाजूला ओढा, आणि चार दिशांना चार डोंगरवाटा, त्याही घरांच्या अंगणातूनच सुरू होणाऱ्या. एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी शाळेजवळच्या आपल्या घरात चार खोल्या भाड्याने ठेवल्या आहेत. खोली बघितली: पांढऱ्या चादरी, खिडकीतून समोर डोंगर, आणि गादी अशी की मी पाठ टेकून बघतो म्हणालो तो अर्धा तास उठलो नाही. तिथून बोगद्याच्या डोक्यावरून एक वाट मागच्या स्टेशनच्या गावात, बोगद्याच्या पलीकडे, उतरते. दीड तासाची! मी या वेळी रेघा मोजून घेतल्या, विरळ होत्या. आम्ही ती वाट चाललो. खालून गाडी बोगद्यात शिरताना बघितली. ही वरून हात हलवत होती, कुणाला ते देव जाणे. बोगद्यापलीकडचं गावही नामी निघालं, तिथंही खोली मिळाली. दोन्ही मुक्काम पक्के! येत्या शनिवारी सकाळी साडेसहाची गाडी. मला आज कापडावर खडू नीट चालवता येत नाही एवढा आनंद झालाय. एका कोटाला तीन बाह्या बेतल्या.

कळवायचं होतं ते एवढंच. तुमच्या सल्ल्याबद्दल मनापासून आभार. जिथे काही नाही असं तुम्ही सांगितलंत, तिथे सगळं सापडलं. वहिनींना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा वाकून.

तुमचा,
धाकटा मेहुणा (शिवण दुरुस्त केलेला)

ता. क. बंद केलेला विषय मी पत्रात काढणार नाही असा शब्द दिला होता. पत्र वर संपलं. ही आता दुधाकडे बघायला आत गेली आहे, तेवढ्यात लिहितो. त्या मास्तरीणबाई खोली दाखवताना म्हणाल्या, शाळेचं अंगण रुळांच्या कडेलाच, मुलं रोज सकाळच्या गाडीला हात करायची. शेवटच्या डब्यातले गार्ड झेंडा गुंडाळून झाला तरी पुन्हा उघडून मुलांना दाखवायचे. वर्षानुवर्षं, एक दिवस चुकला नाही. आता आठ महिने झाले, ते दिसत नाहीत. नवा माणूस हात करत नाही. मुलं विचारतात, ते कुठे गेले? आजारी आहेत का? मग त्यांनी आम्हालाच विचारलं, तुम्ही याच रेल्वेने येता-जाता, तुम्हाला काही माहीत आहे का हो? दादा, तुमची बहीण त्या पांढऱ्या चादरीवर बसली आणि ढसाढसा रडली. तुमच्यासारखा माणूस मला भेटला नाही. चौतीस वर्षं ज्या गावाला रोज नमस्कार केलात, तिथं काही नाही म्हणता?

ता. क. २. दादा, मी बाहेर आले तर हे लिहीत बसलेले. वाचलं सगळं. बरं झालं लिहिलं ते, माझ्याने झालं नसतं. मला एवढंच सांगायचंय. बूट घेतले, खोल्या घेतल्या, सगळं झालं, पण तू आला नाहीस तर मी जाणार नाही. आयुष्यभर तुझ्या शेजारच्या डब्यात बसले. आता एकदा एकाच डब्यात बसू. मी मास्तरीणबाईंना सांगून टाकलंय की ते गार्ड माझा भाऊ आहे आणि सोमवारी सकाळी तो शाळेच्या अंगणात असेल. मुलांनाही कळलंय. आता तू बघ काय करायचं ते.

ता. क. ३. पेन परत मिळालं. दादा, खोल्या दोन्हीकडे दोन-दोन घेतल्या आहेत. तुमचे चालायचे बूटही आणून ठेवले. माप वहिनींनी तुम्ही दुपारचे झोपलेले असताना पावलाला दोरा लावून घेतलं आणि दोराच पाकिटात घालून पाठवला. त्यांची बॅग मंगळवारपासून भरलेली आहे, कॉटखाली बघा. एकंदरीत आम्हा तिघांची तयारी पूर्ण झाली आहे. फक्त तुम्हीच राहिला आहात.