दोन चौकोन, एकच सही

प्रिय दादा,

समोर बसून बोलले असते, पण तिसऱ्या वाक्याला तू ‘अगं, तुला कळत नाही’ म्हणतोस आणि मी गप्प बसते. कागदाला तुला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. रागाने लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते.

सोमवारी दुपारी तू जेवायला गेलास आणि क्लबला पाठवायचा कागद माझ्या टेबलावर ठेवून गेलास. वर डॉक्टरांचं अक्षर: टिटवीचा डावा गुडघा, तीन आठवडे पूर्ण विश्रांती. खाली दोन चौकोन. डॉक्टरांचं न ऐकता कुणाला मैदानात उतरवायचं असेल, तर खेळाडूच्या आणि प्रशिक्षकाच्या प्रतिनिधींनी समोरासमोर बसून ठरवायचं, मग दोघांनी सह्या करायच्या, असा लीगचा नियम. आणि दोन्ही चौकोनांत तुझीच सही! एकाच पेनाची, एकीखाली एक. मला सांग, समोरासमोर म्हणजे तू कुणासमोर बसलास? आरशासमोर? टिटवीच्या बाजूने तू काय बोललास आणि तिच्या प्रशिक्षकाच्या, आपल्या मास्तरांच्या बाजूने तूच तिला काय उत्तर दिलंस? भांडण तरी झालं का? निदान एकदा आवाज चढवायचास की रे!

तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. मास्तर आपला माणूस, टिटवी आपली पोरगी. नऊ वर्षं या ऑफिसात तुझं हे ‘आपला माणूस’ ऐकतेय, आणि खोटं कशाला बोलू, पूर्वी ते ऐकून छाती फुगायची. करार तर कुठलीही एजन्सी करून देते. तू खेळाडूंची घरं शोधलीस, दाढ दुखली तर दंतवैद्याकडे नेलंस, बुटांच्या कंपनीच्या कागदातली बारीक अक्षरं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलीस. मास्तरांना क्लबने काढलं तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरी जाऊन बसलास आणि नवी नोकरी मिळवूनच उठलास. टिटवीचं टिटवी हे नावही तुझंच, मॅचभर ओरडत असते म्हणून. तिच्या पहिल्या कराराच्या वेळी क्लबवाले म्हणत होते, आत्ताच्या आत्ता सही करा. न विचारता तिला कुठल्याही संघाकडे उसनी पाठवता येईल, अशी एक ओळ त्यात खुबीने घातलेली. तू ती वाचलीस, पेनाचं टोपण लावलंस आणि तिला घेऊन सरळ बाहेर आलास. दोन दिवसांनी ती ओळ खोडून मगच सही झाली. तो माझा दादा होता. सोमवारी सह्या करणारा कोण होता, ते मला कळेना झालंय.

कारण तुझं नाव संघाच्या यादीत नव्हतं तो दिवस मी विसरलेले नाही. मी अकरा वर्षांची, तुझ्या मागेमागे फिरणारी शेपूट. तू बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेस, न्हाणीघरात गेलास आणि बराच वेळ नळ सोडून ठेवलास. दुखतंय म्हणून सांगत होतास तरी त्यांनी तुला त्याच गुडघ्यावर चार सामने खेळवलं आणि पाचव्याला दारावरच्या यादीतून काढून टाकलं. तेव्हा आईला म्हणाला होतास, माझ्या बाजूने बोलायला कुणीच नव्हतं. त्यातूनच हे ऑफिस उभं राहिलं ना? अजूनही जिना उतरताना तू कठडा धरतोस, आणि वहिनीने पाहिलं की थांबून मोबाइल बघायचं नाटक करतोस. तिला सगळं कळतं रे. मग हाच गुडघा त्या पोरीला द्यायला तुझा हात कसा धजावला?

रविवारी संघ हरला तर मास्तरांची नोकरी जाईल, हे मलाही दिसतं. मला ते परके नाहीत. पण नोकरी तू त्यांना एकदा मिळवून दिलीस, पुन्हा मिळवशील. गुडघा कुठून आणणार आहेस?

मंगळवारी टिटवी ऑफिसात आली होती, तू फोनवर होतास. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर आली. दुखतंय का विचारलं, तर म्हणाली, दुखतंय हो, पण दादांनी सही केलीय म्हणजे विचार केलाच असेल. मला इतकी चीड आली म्हणून सांगू! जी पोरगी रेफरीला दोन शब्द धड बोलू देत नाही, ती तुझ्या सहीपुढे मुकाट बसते. एवढा विश्वास टाकलाय तिने, आणि तू दुपारच्या जेवणाआधी कागद उरकलास.

आता खरं काम. टिटवीचा आपल्याशी असलेला करार गेल्या शुक्रवारी संपला. नवा कागद मी दोनदा तुझ्यासमोर ठेवला होता. दोन्ही वेळा तू म्हणालास, ती आपलीच आहे, कागद कसले नाचवतेस. म्हणजे सोमवारी तू तिचा प्रतिनिधी नव्हतासच. तुझी वरची, खेळाडूच्या चौकोनातली सही रद्द आहे आणि तसं मी क्लबला कळवलंय. दुसरं म्हणजे, प्रतिनिधीची परीक्षा मी दोन महिन्यांपूर्वी पास झाले. एखादा चांगला दिवस बघून सांगणार होते, तो काही उगवला नाही. आज सकाळी टिटवीने माझ्याकडे सही केली. तेव्हा उद्या अकरा वाजता क्लबच्या मीटिंगच्या खोलीत बसायचंय, खरोखरचं समोरासमोर. मास्तरांच्या बाजूने तू ये. त्यांना एकटं सोडू नकोस, त्यांच्यासाठी जीव तोडून भांड. समोरच्या खुर्चीत मी असेन, आणि माझ्या चौकोनात मी सही करणार नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे. कठडा धरून सावकाश ये.

तुझीच (उद्या अकरा ते बारा सोडून),
शेपूट